दक्षिणा, आगगाडी आणि इंग्रजीचे मास्तर

परमुलखातील खेडेगावच्या शाळेत इंग्रजी शिकवावे आणि त्यासाठी विद्यार्थ्यास शिष्यवृत्ती मिळावी, ही कल्पना आजच्या तरुणांस नवी वाटते. अमेरिकेत १९४६ साली सिनेटर फुलब्राइट यांच्या विधेयकाने जी योजना जन्मास आली, तिच्या आधाराने पुढे तरुण पदवीधर इंग्रजीचे साहाय्यक शिक्षक म्हणून देशोदेशी जाऊ लागले. जपान सरकारनेही १९८७ पासून असे तरुण आपल्या गावोगावच्या शाळांत बोलाविले. परंतु या कल्पनेची दोन अंगे, परमुलखात जाऊन शिकवणे आणि वेतन घेऊन शिकवणे, आमच्या प्रांतात फार पूर्वीच दिसून आली होती. खंत एवढीच, की ती एकत्र आली नाहीत.

पहिले अंग पाहावयाचे तर लोंढ्याच्या स्थानकापासून आरंभ करावा. १८८८ साली मुरगाव बंदराचा लोहमार्ग घाट चढून कॅसलरॉकला आला आणि लोंढ्यास पुणे-हुबळी मार्गाशी जोडला गेला. कॅसलरॉकच्या अलीकडे इंग्रजांचे राज्य, पलीकडे पोर्तुगिजांचे. गोव्यात सरकारी शिक्षण पोर्तुगीज भाषेत. पोटापाण्याची वाट मात्र मुंबईची, कराचीची, आफ्रिकेची, आणि तेथे इंग्रजीवाचून निभाव नसे. म्हणून गोव्यातील पुष्कळ मुले बेळगाव, धारवाड, मुंबई येथे शिकावयास येत. १८५६ साली स्थापन झालेली बेळगावची सेंट पॉल्स शाळा त्यांच्या परिचयाची होती.

पुढे प्रवाह उलटही वाहू लागला. हडफडे येथे १८८७ साली फादर लायन्स यांनी इंग्रजी शाळा काढली; फोंड्यास १९११ साली गोवा विद्याप्रसारक मंडळ उभे राहिले. मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक हे अशा शाळांचे उद्दिष्ट. सीमेअलीकडे शिकलेल्या तरुणाने परतून गावच्या मुलांस इंग्रजी शिकवावे, हे कार्य कोणत्याही सरकारी वेतनावाचून चालले. मुंबईत गावकऱ्यांच्या ‘कुडी’त अल्प भाड्यात मिळणारा आसरा, हीच कित्येकांची शिष्यवृत्ती. १९५५ साली गोव्याची रेल्वे-वाहतूक तुटली, १९६१ साली गोवा मुक्त झाला, आणि १९६२ साली धेंपे व चौगुले ही महाविद्यालये निघाली. पदवीसाठी घाट ओलांडण्याची सक्ती तेव्हा सरली.

दुसरे अंग पुण्यामुंबईचे. पेशवाईत श्रावणमासी शास्त्र्यांस वाटली जाणारी दक्षिणा इंग्रजी अमलात बदलत गेली. तिच्यातूनच ‘दक्षिणा फेलो’ निर्माण झाले. हे फेलो स्वतः शिकत आणि महाविद्यालयातील खालच्या वर्गांस शिकवीत. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर हे दोघेही या पायरीवरून गेले. दानाला कर्तव्याची जोड मिळाली, ती येथे. सयाजीराव महाराजांनीही तेच सूत्र पाळले. मूळच्या सांखवाळच्या धर्मानंद कोसंबींस त्यांनी मासिक ५० रुपये देऊ केले, ते वर्षाकाठी एक पुस्तक लिहावे या अटीवर. १९१३ साली डॉ. आंबेडकरांस अमेरिकेस धाडले, तेव्हाही परतल्यावर दहा वर्षे बडोद्याची सेवा करण्याचा करार करून घेतला.

दक्षिणा फेलो खेड्यात गेले नाहीत. खेड्यात गेलेल्या मास्तरांस दक्षिणा मिळाली नाही. हा दुरावा आजच्या शिष्यवृत्त्यांनी भरून काढावा, असे आम्हांस वाटते. लोंढ्याच्या आसमंतात मूल घरी मराठी किंवा कोकणी बोलते, बाजारात कन्नड ऐकते आणि वर्गात इंग्रजीशी झुंजते. घरची भाषा एक आणि पाटीवरची दुसरी, हे दुःख ज्याने स्वतः भोगले, त्याच्याइतका परक्या खेड्यातील मुलांचा चांगला मास्तर दुसरा कोण? अशा विद्यार्थ्यास अवश्य परदेशी पाठवावे. पण परतल्यावर एक वर्ष तरी खानापूर तालुक्यातील एखाद्या शाळेस देण्याची अट घालावी. अटीवाचून दिलेली शिष्यवृत्ती एका घरचा दिवा लावते. अट पाळली गेली, तर त्याच दिव्याने गावातील दुसरे दिवे पेटतात.