इंजिनाला दिलेला जादा श्वास

वर्ध्याचा लोहमार्ग विजेवर जाण्यापूर्वी ज्यांनी स्टेशनात डिझेलची गाडी सुटताना पाहिली असेल, त्यांना तो काळा लोट आठवत असेल. आधी धूर, आणि मग शिटीसारखा चढत जाणारा बारीक आवाज. धूर म्हणजे अर्धवट जळालेले तेल. ड्रायव्हरने तेल वाढविले, पण ते जाळणारी हवा अजून आली नाही, एवढाच त्याचा अर्थ. ती हवा कोंबणारे चाक म्हणजे टर्बोचार्जर. त्याला वेग धरायला काही क्षण लागत. 1962 साली अमेरिकेतून आलेली व 1964 पासून वाराणसीला बांधली गेलेली ती इंजिने 16 सिलिंडरांची आणि 2600 अश्वशक्तीची होती.

साधे इंजिन पिस्टन खाली जाताना ओढेल तेवढ्याच हवेवर जगते. उलट, तेलातल्या उष्णतेचा सुमारे तिसरा हिस्सा धुराबरोबर फुकट जातो. त्या धुरानेच एक चाक फिरवावे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने हवा दाबून आत भरावी, अशी युक्ती स्विस इंजिनियर आल्फ्रेड ब्यूखी यांनी 1905 साली पेटंट करून घेतली. युक्ती एका ओळीची, पण ती जहाजावर चढायला वीस वर्षे गेली. तापलेला धूर सोसणारी पाती आणि तो वेग पेलणारी बेअरिंगे कोठून आणावयाची? अखेर 1926 च्या सुमारास दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या इंजिनांची शक्ती 1750 वरून 2500 वर गेली.

मोटारीचे उदाहरण आपल्या पिंपरीचे आहे. 1998 च्या डिसेंबरात बाजारात आलेल्या टाटांच्या इंडिकाचे 1405 घन सेंटिमीटरचे डिझेल इंजिन टर्बोवाचून सुमारे 54 अश्वशक्ती देई. पुढे त्याच मापाच्या इंजिनाला टर्बो मिळाला आणि आकडा साठीपार गेला.

हे पाहून कोणी म्हणतो, मोडीतला टर्बो आणा नि जुन्या जीपला जोडा. तसे होत नाही. हवा वाढली की तेल वाढवावे लागते, आणि त्याबरोबर पिस्टन, हेड गॅस्केट, बेअरिंग या सर्वांवरचा भार वाढतो. सिलिंडरातील दाबाचे प्रमाण बहुधा उतरवावे लागते, ऑइलची वेगळी नळी द्यावी लागते, रेडिएटरही पुरा पडावा लागतो. मुंबईच्या गिरण्यांत 1928 साली दोन मागांच्या विणकराला तीन माग देऊ लागले, तेव्हा सहा महिने संप चालला. इंजिन संप करीत नाही, ते गॅस्केट उडविते. आणि बोलणी खातो फिटर.

ड्रायव्हरचेही तेच. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो, तो ऑइलच्या पातळ थरावर. घाट चढून आल्याबरोबर किल्ली फिरविली, तर पंप थांबतो, दांडा तापलेलाच राहतो, आणि तिथले ऑइल जळून कोळसा होते. म्हणून जाणता ड्रायव्हर गाडी मिनिट-दोन मिनिटे उभ्यानेच चालू ठेवतो. मालक मात्र खिडकीतून ओरडतो, ‘डिझेल कशाला जाळतोस?’