कात्रजचा घाट आणि लाल महालाची वाट



कोणी कोणाला हातोहात फसवून भलत्याच वाटेला लावले, की आपण म्हणतो, ‘कात्रजचा घाट दाखविला!’ ह्या म्हणीमागची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणीच ऐकली आहे. शाहिस्तेखानावर छापा घालून शिवाजी महाराज लाल महालातून बाहेर पडले. त्याच वेळी कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना आणि झाडांना बांधलेले पलिते पेटले. मोगल त्या उजेडामागे धावले आणि महाराज सिंहगडावर सुखरूप पोहोचले.

ही गोष्ट खरी किती, हे आज पाहू. पण बैलांच्या गर्दीत त्या रात्रीची एक बाजू झाकली जाते, तीही पाहिली पाहिजे. एक मनुष्य आपल्या बालपणीच्या गावी, आपल्याच घरी, त्या रात्री चोरपावलांनी परत आला होता.

१६३० च्या सुमारास आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने पुणे उद्ध्वस्त केले आणि त्यावर गाढवाचा नांगर फिरविला, हे आपणांस ठाऊक आहे. अशा ह्या गावी जिजाबाई बाल शिवाजींना घेऊन आल्या. घरे उठली, शेते पिकू लागली, लाल महाल उभा राहिला. सईबाईंशी महाराजांचा विवाह १६४० मध्ये पुण्यातच झाला. पुढे कारभार राजगडी गेला आणि १६५९ मध्ये सईबाई तेथे निवर्तल्या. मागे राहिले ते पुणे आणि तो वाडा.

१६६० च्या मे महिन्यात खान पुण्यात उतरला. त्याच वर्षी सुमारे दोन महिने झुंजून त्याने चाकण घेतले. मुक्काम मात्र केला लाल महालात. जवळजवळ तीन वर्षे महाराजांच्या घरात शत्रूचा संसार मांडलेला होता!

५ एप्रिल १६६३ ची ती रात्र. तिथी चैत्र शुद्ध अष्टमी. म्हणजे मध्यरात्रीच्या सुमारास चंद्र मावळणार आणि पुढे काळोख. शिवाय रमजानचा महिना, दिवसभराच्या उपासानंतर छावणी झोपलेली. लग्नाच्या वऱ्हाडाच्या निमित्ताने काही मंडळी शहरात शिरली, असे मोगल इतिहासकार खाफीखान सांगतो. ज्या गावात आपले लग्न लागले, तेथे महाराजांना वऱ्हाडाचे सोंग उपयोगी पडावे, हा योगायोग चमत्कारिक खरा. पुढे मंडळी मुदपाकखान्यातून आत गेली आणि विटांनी बुजविलेली वाट उकरून जनानखान्यात पोहोचली. खानाची बोटे तुटली, त्याचा मुलगा अबुल फतेह मारला गेला.

आता विचार करा. मुदपाकखान्यापलीकडे काय आहे आणि कोणत्या भिंतीमागे वाट आहे, हे हेरही सांगू शकेल. पण अंधारात, हातघाईच्या क्षणी, पाय चुकू नये म्हणून जी माहिती लागते ती त्या घरात वाढलेल्यालाच असते. हे माझे अनुमान आहे, पुरावा नव्हे. तरीही इतक्या मोठ्या छावणीच्या मध्यभागी महाराज जातीने का गेले, ह्याचे एक उत्तर मला त्यात दिसते.

मग कात्रजच्या बैलांचे काय? राजापूरच्या इंग्रजांच्या त्याच एप्रिलमधल्या पत्रात चारशे निवडक माणसांसह महाराज स्वतः गेल्याचे म्हटले आहे. बैलांचा उल्लेख नाही. शिवाय इसवी सनापूर्वी २१७ मध्ये हॅनिबॉलने इटलीत सुमारे दोन हजार बैलांच्या शिंगांना काटक्यांच्या जुड्या बांधून, त्या पेटवून रोमन सैन्याला असेच चकविले होते. दोन हकिगती इतक्या जुळल्या की इतिहासाच्या अभ्यासकाने सावध व्हावे हे बरे.

पण गोष्ट रचली असेल, तरी रचणाऱ्याला मुलूख चांगला ठाऊक होता. कात्रज पुण्याच्या दक्षिणेस, सिंहगड नैऋत्येस; दोन्ही एकाच डोंगररांगेवर. घाटात उजेड दिसला तर पाठलाग करणारा सिंहगडाच्या वाटेवरून बरोबर ढळणार. परक्या फौजेला हे चटकन उमगणार नाही. येथल्या गुराख्याला उमगेल. लाल महालाच्या भिंतींची ओळख जशी महाराजांच्या कामी आली, तशी ह्या डोंगरांची ओळख लोकांनी गोष्टीत जपून ठेवली. म्हणून ती घडली असो वा नसो, मला ती टाकवत नाही.

पुढे औरंगजेबाने खानाला बंगालच्या सुभ्यावर धाडले. महाराजांची राजधानी मात्र पुण्यास परत आली नाही. १६७४ चा राज्याभिषेक रायगडी झाला. तो जुना वाडाही उरला नाही. आज आपण पाहतो ती लाल महालाची इमारत विसाव्या शतकात महानगरपालिकेने उभारलेली आहे.

कात्रजची डोंगररांग मात्र जागेवर आहे. आजही पुण्याची तरुण मुले कात्रजहून सिंहगडापर्यंत डोंगरमाथ्याने रात्रभर चालत जातात. त्यांच्या हातांतल्या विजेऱ्या कधी दुरून लुकलुकताना दिसल्या, तर त्या रात्री आपल्याच घरी जाऊन आलेल्या तेहतीस वर्षांच्या त्या पुरुषाची आठवण अवश्य करावी.