प्रारणाचा जमाखर्च

सूर्याकडून मिळणारी ऊर्जा साऱ्या पृथ्वीवर सारखी वाटली, तर दर चौरस मीटरच्या वाट्याला सुमारे ३४० वॉट येतात. त्यांतले १०० च्या आसपास ढग, हवा आणि जमीन परत उधळतात. उरलेले २४० पृथ्वी अवरक्त प्रारणाच्या रूपाने अवकाशात सोडते. पनवेलला मेच्या मध्यावर सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. जुलैअखेर तो पुन्हा तिथेच येतो, पण ढगांआड. त्या दिवशी सावली शोधायला कोणी बाहेर पडत नाही. हवामानाच्या संगणकी प्रतिमानाला उघड्या आणि ढगाळ आकाशातला हा फरक गणिताने काढावा लागतो. हा हिशेब इतका वेळखाऊ, की बहुतेक प्रतिमाने तो प्रत्येक पायरीला न करता तासा-दोन तासांनी करतात.

भारतात आधी मोजणी आली. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षासाठी अण्णा मणी यांनी हवामान खात्यातर्फे देशभर सौर प्रारण मोजणारी केंद्रे उभारली. १९७१ मध्ये खात्याच्या काही शाखा स्वायत्त झाल्या. कुलाब्याच्या वेधशाळेची परंपरा सांगणारी भूचुंबकत्व संस्था आज नवीन पनवेलला आहे. उष्णदेशीय हवामानाची संस्था पुण्यात राहिली. प्रतिमानाचे काम पुण्याच्या वाट्याला आले.

तिथे २००९ मध्ये हवामानबदल संशोधन केंद्र सुरू झाले. त्याने आपल्या प्रतिमानाचा पाया म्हणून घेतलेले अमेरिकी प्रतिमान मुळात काही महिन्यांच्या अंदाजासाठी घडवलेले होते. एका हंगामापुरती हिशेबातली चूक खपून जाते. शंभर वर्षांच्या गणितात ती साचत जाते. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर प्रारणात पडणारा फरक चौरस मीटरला जेमतेम चार वॉट. पुण्याच्या प्रतिमानाच्या पहिल्या आवृत्तीत वातावरणाच्या माथ्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या ऊर्जेतली खोटी तफावतच काही वॉटांची होती. अशा वहीत खरी तापमानवाढ शोधणे म्हणजे चुकीच्या तराजूवर सोने तोलणे.

२०१८ च्या दुसऱ्या आवृत्तीत ही तफावत बरीच खाली आणली गेली. हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्मकणांचे प्रमाणही स्थिर न धरता वर्षागणिक बदलते धरले. धूळ, धूर आणि सल्फेट ऊन अडवतात, त्यामुळे भारतीय मोसमी पावसाच्या अभ्यासात ही दुरुस्ती तितकीच मोलाची. प्रतिमानांच्या सहाव्या जागतिक तुलनेत उतरलेले हे पहिले भारतीय प्रतिमान ठरले. हवामानबदलावरील आंतरशासकीय समितीच्या २०२१ च्या अहवालाला याच तुलनेतल्या निकालांचा आधार होता.

या आवृत्तीत वातावरणाच्या जाळीचे एकेक घर मात्र सुमारे २०० किलोमीटरचे. पनवेल, खंडाळ्याचा घाट आणि पुणे अशा एकाच घरात मावू शकतात. घाटमाथ्यावरचा ढग आणि पलीकडचे ऊन यांची तिथे सरासरीच निघते.