पुण्यात लिहिलेल्या एका पोर्टची गोष्ट: सीआर16, 2012 ते 2023

अमरावती-अकोल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ज्यांनी आर्डुइनो उनोवर एलईडी लुकलुकवला असेल, त्यांनी नकळत क्रॉस कंपायलर वापरलेला आहे. उनोच्या चिपची रॅम फक्त 2 केबी, तिच्यावर कंपायलर चालणार कसा? म्हणून प्रोग्रॅम कंपाइल होतो लॅपटॉपवर आणि चालतो चिपवर. आपल्याला हे साधन आयतं मिळतं. पण कोणत्या चिपमध्ये किती रजिस्टर, कोणत्या सूचना, हे जीसीसी या मुक्त कंपायलरला आधी कोणीतरी शिकवावं लागतं. त्या कामाला ‘पोर्ट’ म्हणतात.

असं एक पोर्ट पुण्यात तयार झालं. पुण्याची केपीआयटी कमिन्स ही कंपनी हिताची-रेनेसासच्या एसएच आणि एच8 चिपसाठी जीएनयू टूलचेन बांधून मोफत देत असे. याच कंपनीनं नॅशनल सेमिकंडक्टरच्या सीआर16 या 16 बिटच्या प्रोसेसरचं पोर्ट जीसीसीला दिलं. 2012 मध्ये ते मूळ सोर्समध्ये दाखल झालं आणि फाइलींच्या माथ्यावर कंपनीचं नाव लागलं. गंमत पाहा, खुद्द नॅशनल सेमिकंडक्टर 2011 मध्येच टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनं विकत घेतली होती.

पोर्ट आलं म्हणजे टूलचेन झालं असं नाही. ते सोर्सपासून बांधावं लागतं, आणि त्याचा क्रम ठरलेला असतो. आधी बिनयुटिल्स, म्हणजे असेम्बलर आणि लिंकर. मग फक्त सी भाषेपुरता अर्धवट जीसीसी. त्यानं न्यूलिब ही सी लायब्ररी कंपाइल करायची आणि शेवटी पूर्ण जीसीसी पुन्हा बांधायचा. असा फेरा का? कारण पूर्ण कंपायलरला लायब्ररी लागते, आणि लायब्ररी बांधायला कंपायलर लागतो.

जीसीसीचा गाभा दरवर्षी बदलतो. त्या बदलांसोबत प्रत्येक पोर्ट कोणीतरी बांधून, तपासून पाहावं लागतं. सीआर16 साठी तसं कोणी उरलं नाही. 2022 च्या जीसीसी 12 मध्ये ते कालबाह्य ठरवलं गेलं. कॉन्फिगर करताना ‘एनेबल-ऑब्सोलीट’ हा पर्याय दिला तरच ते बांधता येई. 2023 च्या जीसीसी 13 मधून ते काढूनच टाकलं.

कोड नाहीसा झाला नाही. जुनी आवृत्ती उतरवून आजही हे टूलचेन बांधता येतं. मात्र त्यापुढच्या सुधारणा सीआर16 पर्यंत पोचणार नाहीत. सॉफ्टवेअरच्या इतिहासात आपण पोर्ट कोणी लिहिलं ते नोंदवतो. ते नंतर कोणी बांधत राहिलं, याची नोंद सहसा राहत नाही; आणि सीआर16 चं आयुष्य ठरलं ते त्यावरच.