घोड्याचा चाळिसावा हिस्सा

'बारभाईची खेती, काय लागेल हाती' अशी म्हण आपल्याकडे रूढ आहे. पुष्कळांची मालकी ती कुणाचीच मालकी नव्हे, हा अनुभव त्या म्हणीमागे उभा आहे. दुसरीकडे, ज्याच्या गोठ्यात एकच बैल आहे त्याने शेजाऱ्याच्या बैलाशी जोडी जमवून दोघांची शेते नांगरायची, ही वारंगुळ्याची रीतही आपल्याच खेड्यांतली. सामाईकपणाने काम नासते हे खरे, आणि सामाईकपणावाचून गरिबाचे काम अडते हेही खरे. या दोन्ही सत्यांची कसोटी विसाव्या शतकात एका अनपेक्षित ठिकाणी लागली. ते ठिकाण म्हणजे शर्यतीच्या घोड्यांची पागा.

शर्यतीचा घोडा हा दीर्घकाळ राजेरजवाड्यांचा आणि धनिकांचा शौक राहिला, याचे कारण केवळ त्याची किंमत नव्हे. घोडा जिंको वा हरो, त्याचा दाणावैरण, मोतद्दार, नालबंद, पशुवैद्य, ट्रेनर आणि जॉकी यांचा खर्च चालूच राहतो. एक पाय मोडला की सारी पुंजी मातीमोल होते. असा धोका एकट्याने पत्करण्यापेक्षा दहाजणांनी वाटून घ्यावा, ही कल्पना सुचणे साहजिकच होते. अशा भागीदारांच्या मंडळाला 'सिंडिकेट' म्हणतात.

या सिंडिकेटच्या इतिहासाचा एक धागा महाराष्ट्राला परिचित असलेल्या घराण्याशी जुळतो. पुण्याचा आगाखान पॅलेस आपणांपैकी अनेकांनी पाहिला असेल. तिसरे आगाखान सुलतान महंमद शाह यांनी तो १८९२ साली बांधला. पुढे १९४२ ते १९४४ या काळात महात्मा गांधी तेथे स्थानबद्ध होते आणि कस्तुरबांनी तेथेच देह ठेवला. या आगाखानांचे बालपण मुंबईत गेले. घोड्यांचा नाद त्यांच्या घराण्यात पूर्वापार होता. इंग्लंडमधील सुप्रसिद्ध एप्सम डर्बी त्यांच्या घोड्यांनी पाच वेळा जिंकली. त्यांपैकी पहिला विजेता ब्लेनहाइम, साल १९३०. हाच ब्लेनहाइम १९३६ साली अमेरिकेतील एका सिंडिकेटने अडीच लाख डॉलर देऊन पैदाशीसाठी विकत घेतला. सिंडिकेट जमवणारे गृहस्थ होते केंटकी राज्यातील क्लेबोर्न फार्मचे आर्थर हॅन्कॉक.

पैदाशीच्या घोड्याचा हिस्सा म्हणजे काय, हे येथे समजून घेतले पाहिजे. शर्यतीतून निवृत्त झालेला उत्तम घोडा दरवर्षी ठराविक संख्येच्या घोड्या फळवतो. मालकीचे तीस-चाळीस भाग पाडले, तर सामान्यतः प्रत्येक भागामागे दरवर्षी एक घोडी पाठवण्याचा हक्क मिळतो. हा हक्क स्वतः वापरता येतो वा विकता येतो; भागही विकता येतो. देखभालीचा खर्च हिश्शाप्रमाणे विभागला जातो. घोडा कुठे राहतो, काय खातो, कुणाच्या हाताला ओळखतो, याची हिस्सेदाराला माहिती नसली तरी व्यवहारात काही उणे पडत नाही.

हॅन्कॉक यांच्या मुलाने हीच पद्धत पुढे चालवली. आगाखानांच्याच स्टडमध्ये जन्मलेला नासरुल्ला हा घोडा त्याने १९४९ साली आयर्लंडमधून तीन लाख चाळीस हजार डॉलरांना सिंडिकेटसाठी मिळवला. हा नासरुल्ला ब्लेनहाइमच्या मुलीचा मुलगा. नासरुल्लाचा मुलगा बोल्ड रूलर आणि बोल्ड रूलरचा मुलगा सेक्रेटेरिएट. १९७३ च्या आरंभी सेक्रेटेरिएटचे मालक वारले आणि वारसाकराचा डोंगर कुटुंबासमोर उभा राहिला. तेव्हा हॅन्कॉक घराण्याच्या तिसऱ्या पिढीतील तरुणाने त्या घोड्याचे ३२ भाग पाडले आणि प्रत्येक भाग एक लाख नव्वद हजार डॉलरांना विकला. एकूण किंमत साठ लाख ऐंशी हजार डॉलर. हा सौदा ठरला तेव्हा घोडा वयाच्या तिसऱ्या वर्षातील एकही शर्यत धावला नव्हता. त्याच वर्षी त्याने अमेरिकेतील तिन्ही मानाच्या शर्यती जिंकल्या आणि शेवटची तर ३१ घोड्यांच्या लांबीने जिंकली. हिस्सेदारांचे डोळे दिपले. वारसाकराचे संकट टळले, घोडा मायदेशातच राहिला. बारभाईच्या खेतीतही मोत्याचे पीक येते, असे या उदाहरणाने सिद्ध झाल्यासारखे वाटले.

पण घोडे पेंड खाते ते पुढच्याच प्रकरणात. तिसऱ्या आगाखानांचे नातू आणि वारस करीम आगाखान (२०२५ साली ते निवर्तले) यांच्या शेरगर या घोड्याने १९८१ ची एप्सम डर्बी दहा लांबींनी जिंकली. डर्बीच्या इतिहासात एवढ्या मोठ्या अंतराचा विजय दुसरा नाही. त्याच वर्षी त्याचे ४० हिस्से करण्यात आले. प्रत्येकी अडीच लाख पौंड, म्हणजे एकूण एक कोटी पौंड. आगाखानांनी सहा हिस्से स्वतःकडे ठेवले. चौतीस निरनिराळ्या देशांतील लोकांनी घेतले. शेरगर आयर्लंडमधील बॅलिमनी स्टडमध्ये येऊन राहिला.

८ फेब्रुवारी १९८३ च्या रात्री सशस्त्र माणसे तेथे आली. मुख्य मोतद्दाराच्या कुटुंबाला धाक दाखवून त्यांनी त्यालाच घोडा गाडीत चढवायला लावला आणि घोडा पळवला. मोतद्दाराला पुढे दूर रस्त्यावर सोडून दिले. त्यानंतर एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे निरोप जात राहिले आणि पोलिसांना वर्दी मिळेपर्यंत सुमारे आठ तास उलटले. वीस लाख पौंडांची खंडणी मागण्यात आली. घोडा एकट्या आगाखानांचा नाही, त्याचे बहुतेक हिस्से इतरांचे आहेत, हे खंडणीखोरांना समजावून सांगावे लागले. घोडा जिवंत असल्याचा पुरावा म्हणून आलेल्या छायाचित्रांनी हिस्सेदारांच्या प्रतिनिधींचे समाधान झाले नाही. चार दिवसांत बोलणी संपली. संशय आयरिश रिपब्लिकन आर्मीवर होता. परंतु कुणावरही खटला उभा राहिला नाही आणि शेरगरचे अवशेषही कधी सापडले नाहीत.

खंडणी नाकारण्यात हिस्सेदारांचे चुकले, असे म्हणता येत नाही. एकदा पैसे दिले की जगातील प्रत्येक पागा असुरक्षित झाली असती. विचार करण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. घोडा गेल्यावर उरला तो विम्याचा प्रश्न. विमा ज्याने त्याने आपापल्या हिश्शाचा उतरवलेला होता: कुणी चोरीचा धोका धरून, कुणी फक्त मृत्यूचा. ज्यांनी मृत्यूचाच विमा उतरवला होता त्यांना घोडा मेल्याचा पुरावा देता येईना. शेरगरची देखभाल करणारा पशुवैद्य स्वतः एक हिस्सेदार होता. त्याला या कारणाने भरपाई मिळाली नाही. एकच जिवंत जनावर. पण एकाच्या कागदावर ते चोरीला गेलेले आणि दुसऱ्याच्या कागदावर अद्याप जिवंत! ज्या मोतद्दाराने त्या रात्री घोड्याला शेवटचे पाहिले, त्याच्या नावावर मात्र एकही हिस्सा नव्हता. किंमतीचे चाळीस भाग बिनचूक पडले होते. काळजीचे भाग कुणी पाडलेच नव्हते.

यावरून भागीदारीच वाईट असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. त्याला उत्तर वेल्समध्ये मिळते. दक्षिण वेल्सच्या दऱ्यांतील कोळशाच्या खाणी बंद पडल्यावर तेथील गावांना अवकळा आली. अशाच केव्हन फॉरेस्ट नावाच्या गावातील जॅन व्होक्स या बाई सुपरमार्केटमध्ये सफाईचे आणि कामगारांच्या क्लबात पेये देण्याचे काम करीत. त्यांनी व त्यांच्या पतीने साडेतीनशे पौंडांना एक घोडी घेतली. तिला २००१ साली झालेले शिंगरू वाढवण्यासाठी त्यांनी गावातल्याच लोकांचे सिंडिकेट उभे केले. सभासद २३, वर्गणी आठवड्याला दहा पौंड. घोड्याचे नाव ड्रीम अलायन्स. परसबागेच्या तुकड्यावर वाढलेले हे शिंगरू नामांकित ट्रेनरकडे गेले आणि अडथळ्यांच्या शर्यती जिंकू लागले.

२००८ साली एका शर्यतीत त्याच्या पायाचा स्नायुबंध तुटला. अशा वेळी घोड्याला गोळी घालून मोकळे करण्याचा रिवाज जुना आहे, आणि हिशेबाच्या दृष्टीने तो सोयीचाही आहे. सभासदांनी निराळे ठरवले. घोड्याने जे कमावले होते ते त्याच्याच उपचारासाठी खर्चायचे. मूलपेशींच्या नव्या उपचारपद्धतीवर सुमारे वीस हजार पौंड खर्च झाले. तो पुन्हा धावेल याची हमी कुणीच दिली नव्हती. डिसेंबर २००९ मध्ये चेपस्टो येथे त्याने वेल्श नॅशनल ही मानाची शर्यत जिंकली. पुढे तो निवृत्त झाला तेव्हा प्रत्येक सभासदाच्या वाट्याला सुमारे १,४३० पौंड आले. कित्येक वर्षे दर आठवड्याला दहा पौंड भरणाऱ्यांना यात फार मोठा नफा झाला नाही, हे उघड आहे.

या दोन कहाण्यांतील फरक श्रीमंत व गरीब असा नाही. गरिबांनाही हिशेब कळतो आणि श्रीमंतांनाही जनावराची माया असते. फरक हिश्शाच्या स्वरूपात आहे. एका ठिकाणी हिस्सा हा घोड्यापासून मिळणाऱ्या फळाचा होता. दुसऱ्या ठिकाणी तो घोड्याविषयीच्या निर्णयाचा होता. वेल्समधील तेवीसजण त्या जनावराला लहानपणापासून पाहत आले होते. म्हणूनच त्याचा पाय जायबंदी झाला तेव्हा प्रत्येकाला आपला तेविसावा भाग न दिसता अख्खा घोडा दिसला.

आज अनेक देशांत शर्यतीच्या घोड्यांचे अतिशय लहान हिस्से विकले जातात आणि मध्यम परिस्थितीच्या माणसालाही 'घोड्याचा मालक' म्हणवून घेता येते. त्यात गैर काही नाही. पण कागदावर सही करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. घोडा जायबंदी झाला तर त्याचे काय करायचे हे कोण ठरवणार? तो धावेनासा झाल्यावर त्याला दाणापाणी कोण घालणार? आणि विमा कुणी, कशाचा उतरवला आहे? ज्या करारात या प्रश्नांची उत्तरे नाहीत, तेथे आपण घोडा घेत नसून केवळ एक अपूर्णांक घेत आहोत, असे समजावे. आपल्या पतपेढ्या, सहकारी संस्था, वडिलोपार्जित सामाईक वाड्या आणि विहिरी यांच्याकडेही या नजरेने पाहायला हरकत नाही. विहिरीचा हिस्सा सातबाऱ्यावर बिनचूक लिहिलेला असतो. गाळ काढायची वेळ आली की किती हिस्सेदार फावडे घेऊन येतात, यावर तिचे पाणी टिकते.