कॅलटेक बास्केटबॉल संघ : पराभवमालिका (१९८५–२०११)

अमेरिकेतील पॅसाडीना (कॅलिफोर्निया) येथील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे कॅलटेक, या संस्थेच्या पुरुष बास्केटबॉल संघाने आपल्या साखळीतील सलग ३१० सामने गमावले. २३ जानेवारी १९८५ रोजी ला व्हर्न विद्यापीठाविरुद्ध मिळालेला विजय आणि २२ फेब्रुवारी २०११ रोजी ऑक्सिडेंटल महाविद्यालयाविरुद्ध मिळालेला विजय, या दोहोंच्या मधला हा काळ २६ वर्षांचा आहे. २०११ साली मैदानात उतरलेले खेळाडू १९८५ साली जन्मलेही नव्हते. संघाचे नाव बीव्हर्स. क्रीडा-संख्याशास्त्राच्या दृष्टीने महाविद्यालयीन खेळातील इतकी स्वच्छ नोंदलेली पराभवमालिका क्वचितच सापडते, म्हणून तिचा येथे स्वतंत्र विचार केला आहे.

साखळी आणि विभाग : कॅलटेक ज्या साखळीत खेळते ती सदर्न कॅलिफोर्निया इंटरकॉलेजिएट अ‍ॅथलेटिक कॉन्फरन्स, संक्षेपाने स्कायॅक. तिची स्थापना १९१५ साली झाली. त्या वेळी थ्रूप कॉलेज ऑफ टेक्नॉलॉजी या नावाने ओळखली जाणारी ही संस्था तिच्या संस्थापक सदस्यांपैकी एक होती. स्कायॅक ही एनसीएए या राष्ट्रीय क्रीडासंघटनेच्या तिसऱ्या विभागात मोडते. दूरचित्रवाणीवर दिसणारे, मोठमोठी क्रीडागृहे भरणारे बास्केटबॉल पहिल्या विभागाचे. तिसऱ्या विभागात खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. खेळाडू आपल्या हौसेने, अभ्यास सांभाळून खेळतात.

पूर्वेतिहास : संघ पूर्वीपासून दुबळा होता, हा समज बरोबर नाही. १९५४ साली कॅलटेकने स्कायॅकचे अजिंक्यपद मिळवले. त्या संघातील फ्रेड अ‍ॅन्सन पुढे कॅलटेकमध्येच रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले.  १९५४ नंतर संघाची उतरण सुरू झाली. १९७०च्या दशकात साखळीतील सलग ९९ सामने गमावण्याची एक मालिका झाली. ती १९७९–८० च्या हंगामात पोमोना-पिट्झर संघाला हरवून संपली.

हा सामना हरलेल्या बाजूमुळे अधिक लक्षात राहिला आहे. पोमोना-पिट्झरचे प्रशिक्षक ग्रेग पोपोविच यांचा तो पहिलाच हंगाम होता आणि त्यात त्यांचा संघ २ सामने जिंकून २२ हरला. सहा हंगामांनंतर, १९८५–८६ मध्ये, त्यांनी त्याच संघाला साखळीचे अजिंक्यपद मिळवून दिले. पुढे सॅन अँटोनिओ स्पर्सचे प्रशिक्षक म्हणून त्यांनी एनबीए या व्यावसायिक साखळीची पाच विजेतेपदे जिंकली (१९९९, २००३, २००५, २००७ आणि २०१४). एका हंगामातील जय-पराजयांवरून प्रशिक्षकाची पारख करणाऱ्यांनी ही नोंद जवळ ठेवावी.

कारणे : पहिले कारण संख्येचे. कॅलटेकमध्ये पदवीचे विद्यार्थी हजाराच्या आसपास असतात आणि त्यांत मुलगे त्याहून बरेच कमी. बारा-पंधरा खेळाडूंचा संघ एवढ्यांतूनच उभा करायचा. साखळीतील काही प्रतिस्पर्ध्यांनी हा प्रश्न एकत्र येऊन सोडवला आहे. पोमोना आणि पिट्झर या दोन महाविद्यालयांचा एकच संघ आहे. विज्ञान आणि अभियांत्रिकीसाठी कॅलटेकइतकेच अवघड मानले जाणारे हार्वे मड महाविद्यालयही क्लेरमाँट मॅकेना आणि स्क्रिप्स यांच्याबरोबर संयुक्त संघ उतरवते. कॅलटेक एकटी आहे. या मुद्द्याकडे वर्तमानपत्री लेखनात फारसे लक्ष गेले नाही. तेथे भर राहिला तो पुस्तकी मुलांच्या विनोदावर.

दुसरे कारण प्रवेशाचे. चांगला खेळतो म्हणून कोणाला प्रवेशाच्या कसोटीत सवलत देण्याची पद्धत या संस्थेत नाही. पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला, विषय कोणताही असो, गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचा सामायिक पाया पुरा करावा लागतो. त्यामुळे शाळेत बास्केटबॉलच्या मुख्य संघातून कधीच न खेळलेली मुलेही संघात येत. शाळेत पहिले आलेले जास्त आणि शाळेच्या संघातून खेळलेले कमी, असे या संघाचे वर्णन वारंवार छापले गेले. ते खोटे नव्हते. पण त्यातून एक गोष्ट निसटते. ज्या मुलांनी आयुष्यात क्वचितच काही गमावले होते, ती चार-चार वर्षे दर आठवड्याला हरायला मैदानात उतरत राहिली आणि संघ एकदाही बंद पडला नाही. प्रस्तुत नोंदीच्या दृष्टीने या मालिकेतील सर्वांत महत्त्वाची बाब हीच.

दोन आकड्यांचा घोळ : लेखांमध्ये २०७ आणि ३१० हे दोन आकडे एकमेकांच्या जागी वापरलेले आढळतात. ते वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. २०७ ही तिसऱ्या विभागातील कोणत्याही प्रतिस्पर्ध्याविरुद्धच्या सलग पराभवांची संख्या आहे. १९९६ साली सुरू झालेली ती मालिका ६ जानेवारी २००७ रोजी न्यूयॉर्क राज्यातील बार्ड महाविद्यालयाला ८१–५२ असे हरवून संपली. ३१० ही फक्त स्कायॅक साखळीतील पराभवांची संख्या असून ती त्यानंतरही चार वर्षे वाढत राहिली. बार्डवरील विजय २९ गुणांचा होता, हेही विसरू नये. हा संघ कोणालाच हरवू शकत नव्हता असे नाही. त्याच्या वाट्याला आलेली साखळी त्याच्या कुवतीपलीकडची होती.

संख्याशास्त्रीय विचार : ३१० सलग पराभव म्हणजे संघाला जिंकण्याची संधी शून्य होती काय? सोपे गणित करून पाहता येते. प्रत्येक सामन्यात जिंकण्याची शक्यता ५ टक्के धरली, तर सलग ३१० पराभव होण्याची शक्यता एक कोटीत साधारण एक इतकी उरते. म्हणजे ५ टक्के हा अंदाज फेटाळावा लागतो. २ टक्के धरले तर शक्यता हजारात दोन, १ टक्का धरला तर शंभरात चारच्या थोडी वर. अर्धा टक्का धरला तर मात्र ती शंभरात एकवीसपर्यंत जाते. तेव्हा सरासरीने पाहता संघाची संधी एका टक्क्याच्या खालीच होती, असे मानणे सयुक्तिक ठरते. अर्थात २६ वर्षांत संघ बदलले, प्रतिस्पर्धी बदलले, त्यामुळे ही सरासरी काही हंगामांवर अन्याय करते. शेवटच्या वर्षांत थोडक्यात हुकलेले सामने आणि मधल्या काळातील एकतर्फी पराभव ती एकाच मापाने मोजते.

दुबळ्या संघाने काय करावे, याचेही उत्तर याच शास्त्रात आहे. बास्केटबॉलमध्ये दोन्ही संघांना चेंडूचे ताबे जवळजवळ समान मिळतात. प्रत्येक ताब्यामागे दुबळा संघ थोडा मागे पडतो, म्हणजे ताबे जितके जास्त तितकी तूट त्याच प्रमाणात वाढते. नशिबाचा चढउतार मात्र ताब्यांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. ताबे निम्मे केले, तर अपेक्षित तूट निम्मी होते, पण चढउतार सत्तर टक्क्यांच्या आसपास टिकून राहतो. म्हणून दुबळ्या संघाने खेळ संथ करावा, प्रत्येक चढाईत शॉट क्लॉकची, म्हणजे चेंडू बास्केटकडे टाकण्यासाठी ठरवून दिलेली, मुदत जवळजवळ संपवावी आणि सामना कमी गुणांचा राखावा. २०११ साली पुरुषांच्या महाविद्यालयीन खेळात ही मुदत ३५ सेकंदांची होती. कॅलटेकच्या २०११ च्या विजयात दोन्ही संघांचे मिळून ९१ गुण झाले. बार्डविरुद्ध ते १३३ होते.

या विषयाचे एक मोठे नाव याच संघातून आले, हे विशेष. डीन ऑलिव्हर यांनी कॅलटेकमध्ये अभियांत्रिकीचे शिक्षण घेताना बास्केटबॉल खेळले. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘बास्केटबॉल ऑन पेपर’ या ग्रंथाने खेळाचे विश्लेषण प्रति सामना गुणांऐवजी प्रति ताबा गुणांवर आणले. नेमबाजीची परिणामकारकता, चेंडू गमावण्याचे प्रमाण, चढाईतील रिबाउंड आणि फ्री थ्रो या चार घटकांनी सामन्याचा निकाल समजावून सांगता येतो, अशी त्यांची मांडणी आहे. पहिल्या घटकाला त्यांनी सुमारे ४० टक्के, दुसऱ्याला २५, तिसऱ्याला २० आणि चौथ्याला १५ टक्के महत्त्व दिले. सिअ‍ॅटल सुपरसॉनिक्स आणि डेन्व्हर नगेट्स या एनबीए संघांसाठी त्यांनी पुढे काम केले. निकाल ठरलेलाच असतो अशा संघात बसून खेळ पाहणाऱ्याला निकालापलीकडचे मोजावेसे वाटणे स्वाभाविक आहे. त्यांच्या ग्रंथाचे मूळ पॅसाडीनाच्या व्यायामशाळेत शोधणे प्रस्तुत लेखकाला तरी अवाजवी वाटत नाही.

रॉय डो यांचा काळ : २००२ साली रॉय डो मुख्य प्रशिक्षक झाले आणि २००८ पर्यंत त्या पदावर राहिले. बार्डवरील विजय त्यांच्याच कारकिर्दीतला. रिक ग्रीनवॉल्ड दिग्दर्शित ‘क्वांटम हूप्स’ (२००७) हा माहितीपट याच काळातील संघावर आहे. २००५–०६ च्या हंगामाचा अखेरचा टप्पा आणि संघाचा जुना इतिहास त्यात येतो. निवेदन अभिनेते डेव्हिड डुकॉव्हनी यांचे आहे. या संघाविषयी बाहेर जे काही ठाऊक आहे, ते बरेचसे या माहितीपटातूनच आलेले आहे.

२२ फेब्रुवारी २०११ : डो यांच्यानंतर २००८ साली आलेले ऑलिव्हर एस्लिंगर हे क्रीडा-मानसशास्त्राचे अभ्यासक होते. २०१०–११ हा त्यांचा तिसरा हंगाम. त्यात संघाने एकूण ५ सामने जिंकले आणि २० गमावले. जिंकलेल्या पाचांपैकी साखळीतला फक्त एक, आणि तोही हंगामाच्या शेवटच्या दिवशी, घरच्या मैदानावर. ऑक्सिडेंटलविरुद्ध गुणफलक ४५–४५ असा बरोबरीत असताना, ३.३ सेकंद उरले असताना, अंतिम वर्षाचा संगणकशास्त्राचा विद्यार्थी रायन एल्मक्विस्ट याला फ्री थ्रो मिळाले. त्यातून एक गुण आला आणि ऑक्सिडेंटलला उत्तर देता आले नाही. निकाल ४६–४५. एल्मक्विस्टचे त्या सामन्यात २३ गुण होते, म्हणजे संघाच्या गुणांचा बरोबर निम्मा वाटा. प्रेक्षकांतील विद्यार्थी धावत मैदानात उतरले. देशभरच्या वर्तमानपत्रांनी बातमी दिली. गुणतक्त्यात मात्र कॅलटेकचा हंगाम पराभवांचाच राहिला. ५–२० या आकड्यांत त्या रात्रीसाठी वेगळा रकाना नाही.

पात्रतेचा प्रश्न : २०१२ साली एनसीएएने कॅलटेकला तीन वर्षांच्या परिवीक्षेखाली ठेवले. सत्राच्या सुरुवातीच्या आठवड्यांत विद्यार्थी वेगवेगळ्या तासांना बसून पाहतात आणि मग विषय पक्के करतात, अशी तेथील पद्धत आहे. त्या मधल्या दिवसांत पूर्णवेळ नोंदणी झालेली नसतानाही काही विद्यार्थी वेगवेगळ्या खेळांत खेळले, हा नियमभंग होता. संस्थेने तो स्वतःहून कळवला होता. हा प्रकार अभ्यासक्रमाच्या रचनेतून उद्भवला. त्याला फसवणूक म्हणणे योग्य होणार नाही.

तुलना : पहिल्या विभागातील जवळचे उदाहरण न्यू जर्सी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (नेवार्क) या दुसऱ्या एका तंत्रसंस्थेचे. २००७–०८ च्या हंगामात हा संघ ०–२९ असा संपूर्ण हरला. त्याची ५१ सामन्यांची मालिका २१ जानेवारी २००९ रोजी ब्रायंट विद्यापीठावरील ६१–५१ अशा विजयाने संपली. याच संघाने डिसेंबर २०१४ मध्ये मिशिगन विद्यापीठाला त्यांच्याच मैदानावर ७२–७० असे हरवले. दोन्ही मालिकांची कारणे भिन्न आहेत. न्यू जर्सीचा संघ वरच्या विभागात नव्याने गेल्यामुळे मागे पडला आणि सरावल्यावर सावरला. कॅलटेकची साखळी १९१५ पासून तीच आहे.

महिला संघ : कॅलटेकमध्ये पदवीसाठी मुलींना प्रवेश १९७० पासून, त्यांच्या संघाचा इतिहास स्वतंत्र आहे.

इतर खेळ : कॅलटेकच्या बेसबॉल संघाने सलग २२८ सामने गमावले होते. ती मालिका फेब्रुवारी २०१३ मध्ये पॅसिफिका संघाला ९–७ असे हरवून संपली.