जाहीरनाम्याचे व्याकरण

निवडणुकीपूर्वी राजकीय पक्ष आपली धोरणे आणि आश्वासने ज्या दस्तऐवजात मांडतो, तो जाहीरनामा. उघड करणे या अर्थाचा ‘जाहीर’ आणि लेख या अर्थाचा ‘नामा’ यांपासून बनलेल्या या शब्दात वचनाचा भाव मुळात नाही. तो पक्षांनी नाव बदलून आणला. शिवसेनेने ‘वचननामा’ रूढ केला, भारतीय जनता पक्षाने ‘संकल्पपत्र’ स्वीकारले. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसने ‘न्यायपत्र’ काढले, तर भाजपच्या संकल्पपत्रावर ‘मोदी की गारंटी’ झळकली. संकल्प पूजेच्या आरंभी उदक सोडून करावयाचा, गॅरंटी दुकानातील मालाची. दोन्ही एकाच मुखपृष्ठावर सुखाने नांदल्या.

आतल्या मजकुराचे मर्म क्रियापदात असते. ‘देऊ’ म्हणणारा कर्ता समोर उभा असतो. ‘देण्यात येईल’ म्हटले की तो दिसेनासा होतो. कोण देणार, हे वाक्याला ठाऊक नसते. ‘देण्यासाठी प्रयत्नशील राहू’ यात वचन प्रयत्नाचे आहे, देण्याचे नव्हे. ‘सर्वांगीण विकास’, ‘सक्षमीकरण’, ‘कटिबद्ध’ हे शब्द तर कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्यात बसतात. एकांगी विकासाचे आश्वासन कोणीच देत नसल्यामुळे सर्वांगीण विकासाच्या आश्वासनातून मतदाराला निवडीसाठी काहीच हाती लागत नाही.

गोव्यातील पहिल्या विधानसभा निवडणुकीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९६३ मध्ये महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने दोन गोष्टी पुढे केल्या: महाराष्ट्रात विलीनीकरण आणि ‘कसेल त्याची जमीन’. पहिला शब्द तत्सम, अमूर्त, प्रशासकीय. दुसऱ्या घोषणेत तीनच शब्द. त्यांत पक्ष नाही, सरकार नाही, मुदतही नाही. आहे तो फक्त कसणारा, आणि कुळाला त्यात स्वतःचेच नाव ऐकू आले. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरण ३४,०२१ मतांनी नाकारले गेले; पण त्याच वर्षी मार्चमध्ये मतदारांनी सत्ता पुन्हा मगोच्याच हाती दिली. या दोन निकालांमागे कारणे अनेक होती. तरीही कुळांशी जुळलेले नाते विलीनीकरणाबरोबर तुटले नाही, एवढे उघड आहे.

त्या घोषणेत मुदत नव्हती, याचा अर्थ पुढे कळला. १९६४ च्या कूळ कायद्याने कुळांना संरक्षण मिळाले. मालकी देणारी पाचवी दुरुस्ती मात्र १९७६ मध्ये, शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असताना झाली. तोवर दयानंद बांदोडकर यांचे निधन होऊन तीन वर्षे होत आली होती.

याच्या उलट टोकाला २०१२ चे पेट्रोल. भाजपने दर उतरवण्याचे आश्वासन दिले, आणि मनोहर पर्रीकर सरकारने मूल्यवर्धित कर जवळजवळ रद्द करून लिटरमागे सुमारे ११ रुपयांची सूट दिली. आश्वासन पाळले गेले की नाही, हे पंपावर गाडी नेताच कळत होते. कर पुढे टप्प्याटप्प्याने पुन्हा चढला. त्यामुळे वचनभंग झाला असे काटेकोरपणे म्हणता येत नाही. दर किती काळ उतरलेले राहतील, याविषयी आश्वासन मूकच होते.

कायद्याने या भाषेला फारसा लगाम नाही. जाहीरनाम्यातील आश्वासने लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ खाली भ्रष्ट आचरण ठरत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने ५ जुलै २०१३ रोजी सुब्रमण्यम बालाजी खटल्यात स्पष्ट केले. मात्र निवडणूक आयोगाला मार्गदर्शक सूचना आखण्यास सांगितले. त्यानुसार आदर्श आचारसंहितेत जाहीरनाम्यांसाठी स्वतंत्र भाग आला. आश्वासनामागील तर्क दिसावा आणि त्यासाठी लागणारा पैसा कोणत्या मार्गाने उभा राहील, हे स्थूलमानाने तरी सांगावे, अशी त्यात अपेक्षा आहे. जाहीरनामा हाती आल्यावर सर्वांत आधी शोधावा तो हाच परिच्छेद. पुष्कळदा तो सापडत नाही.